किल्ली कोणाकडे आहे? संशोधकांना एक खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशा विषयांवर संशोधन करणारे विद्यार्थी, त्यांचे गाईड आणि त्यांच्या प्रस्तावांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सभासद यांस,

स. न. वि. वि.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तुमच्यातलीच एक मुलगी आमच्या चरईतल्या घरी आली होती. पीएच.डी. करत होती. दादा, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेला माझा मोठा भाऊ, ज्या कार्यशाळेत कागदी पिशव्या आणि पणत्या करायला जातो, तिथून तिला आमचा पत्ता मिळाला होता. पाठीवर सॅक, हातात क्लिपबोर्ड, बोलायला अगदी गोड. मी चहा टाकला. टेबलाच्या एका बाजूला ती आणि मी, दुसऱ्या बाजूला दादा मेथी निवडत बसलेला.

प्रश्न ६२ होते. ‘तो रागावतो का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.’ मी म्हटलं, कधीकधी. ‘अनोळखी माणसांशी बोलतो का?’ क्वचित. ‘घरकामात मदत करतो का?’ कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, माझं अर्धं लक्ष गॅसकडे. म्हटलं, क्वचितच. तिने खूण केली. टेबलावर दोन जुड्या मेथी निवडून झाली होती, पानं वेगळी, देठं वेगळी, आणि आम्हा दोघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नाही.

दादाच्या आलं. तो म्हणाला, “मग मेथी कोणी केली?” ती हसली, मीही हसले. उत्तर तेच राहिलं.

शेवटी एक सही लागत होती. ती मी केली, ‘पालक/नातेवाईक’ असं छापलेल्या रेघेवर. दादाला एक पेन आणि बिस्किटांचा पुडा मिळाला. ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत गेला आणि म्हणाला, “पास हो.” आता दर दिवाळीच्या आसपास तो मला विचारतो, “ती ताई पास झाली का गं?” मला माहीत नाही. तिने दिलेल्या नंबरवर मी दोनदा फोन केला, लागला नाही. तिचा प्रबंध पूर्ण झाला असेल तर त्यात कुठेतरी दादा आहे: पुरुष, वय ३८, घरकामात मदत क्वचित.

दादा आता ४४ वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा उशिरा रडला, एवढंच आई सांगायची. मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण दुसरीत गेले तेव्हाच त्याला मागे टाकलं. आई-बाबा आता नाहीत. घरात मी, माझा नवरा, मुलगी आणि दादा.

मी एका पतपेढीत काउंटरवर बसते. २२ वर्षं झाली. सह्या जुळवण्यात माझे डोळे गेले आहेत. बायकोच्या खात्याच्या स्लिपवर नवरा स्वतः सही करून आला, तर मी ती परत करते. “अहो, घरचंच तर आहे” म्हणाला तरी करते. खातं ज्याचं त्याची सही. आणि तीच मी, दादाच्या झोपेबद्दल, रागाबद्दल, त्याला अंघोळीला किती वेळ लागतो याबद्दल ६२ उत्तरं परक्या मुलीला देऊन खाली माझी सही ठोकून मोकळी झाले. तेव्हा दोष तुमच्या एकट्यांच्या पदरात टाकायला मी हे पत्र लिहीत नाही. माझ्या पदरात पुरेसा आहे.

पण तुम्ही शिकलेली माणसं आहात आणि तुमच्यासाठी कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दादाच्या यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या खटपटीत मी तो चाळला आणि सहाव्या कलमावर थांबले. त्याचं दुसरं पोटकलम साधं आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिची स्वतःची संमती हवी, कोणाच्या दबावाखाली न दिलेली, सगळं समजून घेऊन दिलेली. आणि ती मागायची तर तिला कळेल अशा साधनांनी, अशा स्वरूपात. शिवाय सरकारने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची आधी परवानगी हवी, आणि त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग असावेत नाहीतर त्यांच्या किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांचे.

निम्मे. तुमच्या संस्थेच्या समितीत किती आहेत? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीत डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ यांच्याबरोबर एक सामान्य माणूसही लागतो. त्या खुर्चीवर दादासारखा कोणी बसल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि आमच्या घरी आलेल्या फॉर्मवर दादाच्या सहीला रेघच नव्हती. माझ्यासारख्या बाईला ‘नातेवाईक’ म्हणून होती. दादा त्यात ‘सदर व्यक्ती’ होता.

घरच्यांच्या सहीवर ही बाई इतकी का अडून बसली आहे, असं वाटेल. तुम्हाला हा इतिहास शिकवला असेलच, मला तो उशिरा कळला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची सरकारी निवासी शाळा होती. तिथे १९५६ पासून डॉ. सॉल क्रुगमन यांच्या पथकाने मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची लागण करून त्या आजाराचा अभ्यास केला. आई-बापांच्या सह्या होत्या, सगळं कागदोपत्री. पण १९६४ मध्ये जागा नाही म्हणून शाळेचे प्रवेश थांबले, आणि संशोधनाच्या वॉर्डात मात्र जागा मिळत राहिली. जिला घरी मूल सांभाळणं हाताबाहेर गेलं होतं, त्या आईपुढे तो कागद आला. तिने काय करायचं होतं? मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड शाळेत तर १९४०-५० च्या दशकांत मुलांना ‘सायन्स क्लब’मध्ये घेतलं. जादा दूध, बेसबॉलच्या सामन्याची सहल, आणि नाश्त्याच्या ओटमीलमधून किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम. पालकांना गेलेल्या पत्रात किरणोत्साराचा शब्दही नव्हता.

तुमच्यातलं कोणी असलं काही करत नाही, हे मी जाणून आहे. पण ते पेन आणि तो बिस्किटांचा पुडा आठवला की मला तो क्लबही आठवतो.

आता नेरुळची गोष्ट. खरं तर पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

गेल्या वर्षी दोन तरुण संशोधक आणि एक विशेष शिक्षिका कार्यशाळेत आले. प्रौढ दिव्यांगांच्या रोजच्या जगण्यावर त्यांना काम करायचं होतं. त्यांनी पालकांची सभा घेतली नाही, आधी दादा आणि त्याच्या मित्रमैत्रिणींची घेतली, आणि म्हणाले, “आमच्याकडे अजून प्रश्न नाहीत. ते तुमच्याकडून हवेत.” मला आधी वाटलं, अभ्यास न करताच आलीत पोरं.

आठ जण तयार झाले. सहा शनिवार, नेरुळला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जायचं. मी सोबत म्हणून जायची आणि मागे खुर्ची टाकून बसायची, बोलायचं नाही या अटीवर. ही अट दादाने घातली होती.

पहिला शनिवार सगळा संमतीतच गेला. चित्रांचे मोठे कागद: हे आम्ही, हे तुम्ही, हा रेकॉर्डर, हे कपाट ज्यात तुमचं बोलणं कुलूपबंद राहील. प्रत्येकाला तीन कार्डं. हिरवं म्हणजे चालू दे, पिवळं म्हणजे पुन्हा सांग, लाल म्हणजे थांब. दादाने लाल कार्ड पहिल्यांदा वापरलं ते चहा आला तेव्हा. सगळं थांबलं, चहा झाला, मग पुढे. ऐरोलीच्या एकाने पिवळं कार्ड नऊ वेळा वर केलं. नऊही वेळा समजावणाऱ्या संशोधकाने पुन्हा सांगितलं, आणि माझ्या लक्षात आलं की सातव्या-आठव्या वेळेपर्यंत त्याचं सांगणंही सोपं झालं होतं. एका मुलीने रेकॉर्डरला लाल कार्ड दाखवलं. मुलगी म्हणते मी, तिशीची बाई आहे ती. रेकॉर्डर पिशवीत गेला आणि त्या दिवशी सगळं हाताने लिहिलं गेलं. पुढच्या शनिवारी तिने स्वतःच तो काढायला सांगितलं.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी नेहमीची पट्टी आणली होती, एक ते पाच, खाली रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं. ‘तुम्ही तुमच्या आयुष्यात किती समाधानी आहात?’ आठही जणांनी पाच सांगितलं. दादाला विचारलं, पाच का? तो म्हणाला, “पाचातले पाच.” मार्क! त्याचं काय चुकलं? त्याची बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी आजवर चार वेळा झाली आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली ती चाचणी. दर वेळी कुठल्यातरी दाखल्यासाठी, दर वेळी एका अनोळखी माणसासमोर, आणि बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसलेली आई. समोरच्याने प्रश्न विचारला की त्याचं एक बरोबर उत्तर असतं आणि ते दिलं की सगळे खूश होतात, हे तो ४० वर्षं शिकला आहे. प्रश्न समजला नाही तर ‘हो’ म्हणायचं, हेही. या होकाराच्या सवयीबद्दल तुमच्याच शास्त्रात पुष्कळ लिहून झालं आहे, असं त्या शिक्षिकेने मला सांगितलं. तरी पट्टी काही सुटत नाही. त्या दोघांनी मात्र ती गुंडाळून ठेवली.

तिसऱ्या शनिवारी ते म्हणाले, “आता तुम्ही विचारा. तुमच्यासारख्या दुसऱ्या माणसाला भेटलात, तर त्याला काय विचाराल?”

बराच वेळ कोणी बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा. मला मागून सुचवायची हुक्की आली होती, तोंड दाबून बसले. मग दादा म्हणाला, “किल्ली आहे का?”

“कसली किल्ली?”

“घराची.”

एकेकाला विचारत गेले. आठांपैकी एकाकडे होती. घणसोलीचा आहे तो, पन्नाशीचा. त्याने शर्ट वर करून करगोट्याला बांधलेली किल्ली दाखवली. बाकीच्यांनी ती हातात घेऊन पाहिली. एकाने वास घेतला.

त्या किल्लीमागून प्रश्नांची रांगच लागली. घरी गेल्यावर दार कोण उघडतं? घरात कोणी नसलं तर कुठे बसतोस? दादा म्हणाला, “जिन्यात.” तो साडेचारला कार्यशाळेतून येतो, माझी मुलगी क्लासहून सव्वापाचला. मधला पाऊण तास तो पहिल्या मजल्याच्या जिन्यात बसतो, कधी समोरच्या काकू आत बोलावतात. मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्याला काकूंकडे करमतं.

आणि तेव्हा मला तो रविवार आठवला. ६२ मध्ये एक प्रश्न होता, ‘कुलूप उघडता येते का?’ मी ‘नाही’ सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. त्याच्या हातात कधी किल्लीच दिली नव्हती, तर येईल कुठून? प्रश्न विचारणारीला वाटलं, ती त्याची क्षमता मोजते आहे. मोजत होती ती आमच्या घराची रीत, आणि निष्कर्ष निघाला दादाच्या नावावर.

आणखी प्रश्न आले. तुझं कार्ड कोणाकडे असतं? तुझा फोन दुसरं कोणी उचलतं का? लोकलच्या दिव्यांग डब्यात तुला कोणी उठवतं का? हा शेवटचा तर आम्ही त्याच आठवड्यात भोगला होता. दादा दिसायला धडधाकट. तुर्भ्याला चढलेल्या एका गृहस्थांनी त्याला “हट्टाकट्टा आहेस, लाज नाही वाटत?” असं सुनावलं. दादाने खिशातून कार्ड काढून दाखवलं, त्यांनी न पाहताच तोंड फिरवलं. रेल्वेच्या सवलतीच्या दाखल्यावर दादा ‘सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारा’ आहे. सोबत मी असूनही त्या दिवशी बोलला तो, मी नाही.

मग त्या रेकॉर्डरवाल्या मुलीने प्रश्न सांगितला: “बहिणीचं लग्न झालं. माझं कधी, असं विचारा.” मागे बसलेल्या आम्हा नातेवाइकांत चुळबुळ झाली. एक आई उठून बाहेर गेली. चहाच्या वेळी दोन पालकांनी त्या संशोधकांना बाजूला घेऊन सांगितलं, हा प्रश्न नको, उगाच आशा लावल्यासारखं होतं. मलाही मनातून तेच वाटत होतं. संशोधकांनी ते आठ जणांपुढे ठेवलं: काहींना हा प्रश्न नको आहे, काय करायचं? सात हिरवी कार्डं वर झाली, एक पिवळं. पिवळं दादाचं होतं. त्याला पुन्हा सांगितल्यावर तेही हिरवं झालं. प्रश्न राहिला.

पुढे या आठांनीच तो प्रश्नांचा संच घेऊन, जोडीला एकेक संशोधक, इतर केंद्रांतल्या लोकांशी गप्पा मारल्या. त्यातलं सगळं इथे सांगण्याचा अधिकार मला नाही, ते त्यांचं काम आहे. एकच प्रसंग सांगते, आणि तो दादाला विचारून. शेवटच्या शनिवारी मिळालेली उत्तरं मोठ्या अक्षरांत छापून जमिनीवर पसरली होती आणि त्यांचे ढीग लावायचे होते. ‘जिन्यात बसतो’, ‘गेटवर थांबतो’ ही उत्तरं संशोधकांनी ‘सुरक्षितता’ या ढिगात ठेवली होती. मीही तिथेच ठेवली असती. दादाने ती उचलली आणि ‘राग येतो’ या ढिगात नेऊन ठेवली.

‘तो रागावतो का? कधीकधी.’ कशाने, हे त्या ६२ मध्ये नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

हे काही नेरुळला लागलेले शोध नव्हेत. अमेरिकेत पोर्टलंडला २००६ मध्ये ‘आस्पायर’ नावाचा गट सुरू झाला. डॉ. क्रिस्टीना निकोलायडिस आणि स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधक डोरा रेमेकर यांनी तो उभा केला. विषय ठरवण्यापासून निष्कर्षांपर्यंत स्वमग्न भागीदार बरोबरीने. फोनवरच्या मीटिंग त्यांना अवघड जातात म्हणून लिहून चॅटवर, आणि निर्णय बोटं दाखवून, म्हणजे नुसतं हो-नाही न विचारता कोणाला किती पटलंय तेही कळतं. आयर्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या चाळिशीपुढच्या ७५३ लोकांच्या म्हातारपणाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्याची आखणी करतानाही अशा लोकांना सोबत घेतलं गेलं. आपल्याकडेही हे होतं, मी पाहिलं. फक्त ते एखाद्या मार्गदर्शकाच्या भलेपणावर अवलंबून असू नये.

आयर्लंडचं मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे हा सगळा विषयच ‘विशेष मुलं’ या दोन शब्दांत अडकला आहे. दादाच्या कानशिलावर पांढरे केस आहेत, त्याला चष्म्याचा जवळचा नंबर लागला आहे, आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत तो अजून ‘मुलगा’ आहे. भारतातला विकासात्मक अक्षमतांचा जो मोठा, पाच ठिकाणी घराघरांत जाऊन केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांचा होता. आवश्यकच होता. पण ती मुलं मोठी होणार आहेत. पालकांच्या कुठल्याही बैठकीत बसा, चहा संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, ‘आमच्यामागे याचं काय?’ याच्यावर प्रबंध कुठे आहेत? आणि असतील तर त्यात ‘याला’ विचारलं होतं का, की त्याला कोणाकडे राहायला आवडेल?

ठाणेकरांना आणखी एक गोष्ट माहीत असेल. १९०१ पासून आपल्याकडे मनोरुग्णालय आहे, आणि तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्राला एक विनोद मिळाला आहे: ‘याला ठाण्याला पाठवा.’ आम्ही ठाण्यातच राहतो, त्यामुळे दादाला शाळेच्या वाटेवर पोरं म्हणायची, ‘पोचलास की आधीच!’ मनोविकार वेगळा आणि बौद्धिक अक्षमता वेगळी, हे लोकांना समजावता समजावता बाबांची हयात गेली. तुमच्या प्रबंधांमुळे ते थोडं तरी सोपं व्हायला हवं होतं. पण ते इंग्रजीत असतात आणि ग्रंथालयात असतात.

तुमच्या अडचणी मी त्या सहा शनिवारी जवळून पाहिल्या. वेळ तिप्पट लागतो. गाईडला सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, हवा असतो आणि त्यात प्रश्नावली आधीच जोडावी लागते. मग ‘प्रश्न नंतर ठरतील’ कसं लिहिणार? हे समित्यांनी सोडवायचं आहे. पहिल्या टप्प्याला ‘प्रश्न ठरवणे’ म्हणून मंजुरी द्या, दुसऱ्या टप्प्याला पुन्हा अर्ज घ्या.

सगळे दादासारखे बोलणारे नसतात, हेही खरं. आमच्या कार्यशाळेत एक जण आहे जो नजरेने आणि हुंकाराने बोलतो. त्याच्यासाठी चित्रांचे तक्ते आहेत, आयआयटी मुंबईने केलेलं, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ‘जेलो’ नावाचं ॲप आहे, त्यात मराठीही आहे. त्यानेही जमणार नाही असे लोक असतील. तिथे रोज त्यांच्यासोबत असणाऱ्या माणसाला विचारा, पण मग प्रबंधात लिहा की हे त्याच्या आईने सांगितलं. ‘सहभागी व्यक्तीने सांगितले’ असं लिहू नका. आमच्या पतपेढीत अंगठ्याच्या ठशाखाली साक्षीदाराचं नाव लागतं, तेवढी तरी शिस्त पाळा.

‘त्यांना संशोधन काय कळणार’ हे मात्र मी ऐकून घेणार नाही. आकडेमोड तुम्ही करा. जिन्यात बसल्यावर काय वाटतं, यातला तज्ज्ञ तुमच्या विभागात नाही.

पैशांचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण बोलते. नेरुळला आठही जणांना तासाप्रमाणे मानधन मिळालं, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च. पाकीट त्यांच्या हातात, आमच्या नाही, आणि पावतीवर सही त्यांची. दादाची सही तिरकी जाते, वर चढत जाते, दर वेळी थोडी वेगळी. मी काउंटरवर असते तर नाकारली असती, असं मनात आलं आणि लाजले. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात टायपिंगला, छपाईला, मार्गदर्शकांच्या प्रवासाला रकाना असतो. याला एक घाला. प्रमाणपत्र देऊ नका. दादाकडे २३ प्रमाणपत्रं आहेत.

समितीवर एक खुर्ची देणार असाल तर दोन द्या. एकटा माणूस त्या इंग्रजी कागदांच्या ढिगासमोर नुसता मान डोलावेल, आणि तुम्ही त्याचे फोटो छापाल. दोघे असले की एकमेकांकडे पाहून पिवळं कार्ड वर करायचा धीर येतो. कागद सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, आठ दिवस आधी पाठवा. समितीतल्या इतरांनाही ते सोपे जातील, कोणी कबूल करणार नाही एवढंच. आणि काम संपल्यावर परत या. एक पान पुरे. काय कळलं, काय बदलेल, काय नाही बदलणार. आमच्या घरी सहा वर्षं एक प्रश्न लटकून आहे, तो तुमच्या एका फोनने सुटला असता.

किल्लीचं राहिलं. तिसऱ्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी मी स्टेशनजवळच्या किल्लीवाल्याकडून एक करून आणली. दादाने ती बाराव्या दिवशी हरवली. नवरा म्हणाला, बघ, मी सांगत होतो. कुलूप बदलावं लागलं. पण मी स्वतः आजवर दोनदा हरवली आहे आणि माझ्याकडून ती कोणी काढून घेतली नव्हती. दुसरी करून दिली. ती त्याने घणसोलीकराचं पाहून करगोट्याला बांधली आहे. साडेचारला घरी येतो, दार उघडतो, आतून कडी लावतो. त्यामुळे सव्वापाचला माझ्या मुलीला बेल वाजवून बाहेर थांबावं लागतं. कधीकधी तो मुद्दाम उशीर करतो.

हे पत्र मी दादाला चार संध्याकाळी मिळून वाचून दाखवलं, थोडं थोडं, कार्डं हातात देऊन. अमेरिकेतल्या शाळांच्या भागाला पिवळं कार्ड तीनदा मिळालं. एका परिच्छेदाला लाल मिळालं. तो मला फार महत्त्वाचा वाटत होता, मी दोन दिवस त्याची मनधरणी केली. तो परिच्छेद आता या पत्रात नाही आणि तो कशाबद्दल होता ते मी सांगणार नाही. नावं घालायची का, यालाही लालच. म्हणून नुसत्या सह्या आहेत, दोन.

आणि त्याने शेवटी हे लिहायला सांगितलं आहे, त्याच्याच शब्दांत: “मेथी मी निवडली. ताई, पास झालीस का ते सांग.”

आपले,
(सही) दादा
(सही) त्याची बहीण
चरई, ठाणे